खुर्चीखालचा आकडा

गेल्या दिवाळीत अंबाजोगाईला घरी गेलो, तेव्हा काकूने आधीच फर्मान काढून ठेवलं होतं. माळवदावरच्या खोलीतला सगळा पसारा भंगारवाल्याला द्यायचा, आणि तो खाली आणायचं काम माझं. 'पुण्यात दिवसभर खुर्चीवर बसून असतोस, जरा हातपाय हलव.' काय बोलणार? गेलो वर.

फुटका रेडिओ, स्टोव्हचे दोन सांगाडे, पत्र्याच्या ट्रंका, आणि कोपऱ्यात एक वेताची खुर्ची. म्हणजे एकेकाळी वेताची. सागवानी चौकट, रुंद हात, पाठीला थोडी फाटकी जाळी उरलेली, आणि बसायच्या जागी चार खिळे ठोकून बसवलेला प्लायवूडचा तुकडा. लहानपणी या खुर्चीवर बसायला आम्हाला बंदी होती. घरात तिला 'साहेबाची खुर्ची' म्हणतात. गोष्ट अशी की अंबाजोगाईला इंग्रजांची छावणी होती, तिथल्या कुणा गोऱ्या साहेबाची ही खुर्ची, आणि ती फिरत फिरत आजोबांकडे आली.

गोष्ट अगदीच हवेतली नाही. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव होतं मोमिनाबाद, आणि इथे खरंच घोडदळाची छावणी होती. हैदराबाद कंटिन्जंट म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज. १८५३ च्या तहात तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ साली ही फौज ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि मोमिनाबादच्या छावणीचे दिवस सरले. म्हणजे खुर्ची साहेबाची असेल, तर ती निदान सव्वाशे वर्षांची. मी मनातल्या मनात तिची किंमत करायलाही लागलो होतो, खोटं कशाला बोलू!

अंगणात आणून उलटी केली. पुढच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, धुळीखाली, तापल्या लोखंडाने डागलेली काही अक्षरं होती. इंग्रजी नव्हती. उर्दू.

आता आमच्या घरात उर्दू वाचू शकणारा एकच माणूस उरलाय, माझे थोरले काका, अण्णा. जन्म १९३८ चा. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते दहा वर्षांचे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हैदराबाद संस्थान संपलं, पण तोवर अण्णांची पाटी उर्दूत गिरवून झालेली होती. त्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शाळेची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. मराठी घरची भाषा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला, आठवतंय ना? तोच हा कागद, तीच ही लिपी.

अण्णांनी चष्मा लावला, तरी दिसेना. मग त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

'सरकार-ए-आली,' ते म्हणाले. 'आन् हे म्होरं तेराशे एक्केचाळीस.'

सरकार-ए-आली म्हणजे खुद्द निजामाचं सरकार. म्हणजे गोरा साहेब गेला! पण १३४१? मी लगेच मोबाईलवर हिजरी सन बदलून पाहिला. १९२२-२३.

'अण्णा, शंभर वर्षं झाली हिला.'

'आरं, हिजरी न्हाई ते. आकड्याच्या मागं फे हाय बघ, वर टिंब. फे म्हंजे फसली. पाचशे नव्वद मिळव त्यात.'

मिळवले. १९३१. ऑक्टोबर १९३१ पासून सुरू होणारं फसली वर्ष.

आमच्या धंद्यात ज्यांनी कधी टाइमझोनचा घोळ निस्तरलाय, त्यांना माझा चेहरा कसा झाला असेल ते कळेल. आकडा बरोबर, पण कुठल्या घड्याळाचा ते पाहिलंच नाही. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, म्हणून ते सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. सारा वसूल करायला ते निरुपयोगी, कारण पीक काही चंद्र बघून येत नाही. म्हणून महसुलासाठी अकबराच्या काळापासून पिकांवर, म्हणजे फसलांवर, बेतलेला वेगळा सन सुरू झाला आणि हैदराबादच्या कचेऱ्यांत तो निजामाच्या अखेरीपर्यंत चालला. फसली सन असलेली खुर्ची म्हणजे छावणीतली नाही, सरकारी कचेरीतली.

'मग आजोबांकडे कशी आली?'

'लिलावात,' अण्णा म्हणाले. 'मराठवाडा मुंबई राज्यात गेला नव्हं का, त्या सुमाराला. कचेरीतलं जुनं सामान काढलं व्हतं.' म्हणजे १९५६. 'आपल्याकडं बसायला खुर्ची कशाला पाहिजे व्हती? घोंगडी व्हती की. पर आमच्या आज्यानं सारा भरायला जाऊन अशाच खुर्चीम्होरं हात जोडून, वहाणा बाहेर काढून, उभं राहून जल्म काढला. म्हनून तुझ्या आज्यानं ती इकत आणली. बापाला म्हणला, बसा आता.'

'मग? बसले?'

'न्हाई. शेवटपतूर न्हाई बसले. वट्ट्यावर खाली बसायचे, खुर्ची शेजारी ठिवून.'

काकूने भंगारवाल्याला देण्याच्या यादीतून खुर्ची काढली. मी पण ती विकण्याचा विचार काढून टाकला. आता प्रश्न एकच, हिला पुन्हा विणणार कोण?

अंबाजोगाईच्या बाजारात जाऊन विचारलं, 'वेताचं काम कोण करतं इथे?' दुकानदाराने आधी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'कितव्या वेताची हाय? म्हैस का गाय?' बीड जिल्ह्यात वेत म्हणजे आधी जनावराची वीण, खुर्ची नंतर! बरोबरच आहे म्हणा. इथे बांबू आहे, बुरूड समाजाच्या हातची सुपं, टोपल्या, दुरड्या, कणग्या आहेत. बुरूड ज्यांना मानतात ते केतय्या बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. म्हणजे विणकामाची परंपरा खुर्चीपेक्षा कितीतरी जुनी. पण वेत आणि बांबू वेगळे. बांबू हे गवत, आतून पोकळ. वेत हा ताडाच्या कुळातला काटेरी वेल, आतून भरीव. झाडांना काट्यांनी धरून तो चढतो, आणि काही जातींची लांबी शंभर मीटरच्या वर जाते. त्याच्या चिवट सालीच्या पट्ट्या काढून खुर्ची विणतात, आतल्या गाभ्याच्या टोपल्या आणि मोडे होतात. कमी पावसाच्या बालाघाटावर तो कुठून येणार? दक्षिण कोकण, केरळ, आसाम, अंदमान ही त्याची घरं, आणि सगळ्यात मोठं घर म्हणजे इंडोनेशिया.

गंमत म्हणजे इंग्रजीत वेतालाही 'केन' म्हणतात आणि उसालाही. त्यातला एक केन बीडच्या माणसाला पाठ आहे. दर वर्षी लाखो लोक कोयता घेऊन तो तोडायला जिल्ह्याबाहेर जातात. दुसरा केन इथे फक्त दोन रूपांत पोचला. मास्तरांच्या हातात आणि साहेबाच्या बुडाखाली. हे नातं तसं जुनंच. शाकुंतलात दुष्यंताच्या द्वारपालिकेचं नाव वेत्रवती आहे, म्हणजे हातात वेताची काठी असलेली. सत्ता आली की वेत आलाच.

पण खुर्चीत तो आला त्याचं कारण सत्ता नाही, हवा. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून मलायाकडचा वेत युरोपात जायला लागला. लंडनमध्ये १६६० नंतर वेताच्या खुर्च्यांची एवढी फॅशन आली, की शतकाच्या अखेरीला लोकरीच्या धंद्यातल्या लोकांनी संसदेकडे गाऱ्हाणं नेलं, कारण या खुर्चीला लोकरीचं कापडच लागत नाही. वेतवाल्यांचं उत्तर साधं होतं. ती हलकी असते, टिकते, तिच्यात धूळ साठत नाही आणि कसर लागत नाही. पुढे १८५९ मध्ये व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची काढली, तिची बैठकही वेताची, आणि ती कोट्यवधींनी खपली. अमेरिकेत वेकफिल्ड नावाच्या माणसाने १८४४ मध्ये बॉस्टनच्या धक्क्यावर वेताची भेंडोळी पडलेली पाहिली. जहाजात माल हलू नये म्हणून भरलेली, नंतर फेकून दिलेली. त्या कचऱ्यातून त्याने वेताच्या फर्निचरचा मोठा कारखाना उभा केला.

आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत गादीवर बसून फायली लिहायच्या म्हटल्यावर जाळीची खुर्ची कचेऱ्यांत, कोर्टांत, रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये आली यात नवल नाही. (रेल्वे म्हटलं म्हणून आठवलं. बीड शहरात पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला आली. आमची खुर्ची १९३१ साली आली असेल तर शेवटचा टप्पा बैलगाडीतूनच!)

तर खुर्ची एसटीच्या टपावर नाही, पण मित्राच्या गाडीच्या डिकीत घालून पुण्याला आणली. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरणाऱ्या एका फर्निचरवाल्याने पत्ता दिला. 'एक काका आहेत. पण घाई करू नका, एकटेच आहेत.'

काका साठीच्या पुढचे, जन्मापासून अंध. वेत विणायला अंधशाळेत शिकले, मग एका सरकारी ऑफिसात खुर्च्या विणायच्या नोकरीवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. हे ऐकून मी चमकलो, पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा अपवाद नाही, हीच रीत होती. अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेपासून जगभर दृष्टिहीन मुलांना खुर्च्या विणायला शिकवत आले. आपल्याकडे पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली, मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड यांची शाळा सुरू झाली आणि १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल. १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबईत उभी राहिली. शाळांतून वेतकाम शिकवायचे आणि सरकारी ऑफिसांत, रेल्वेत खुर्च्या विणणाऱ्याच्या जागेवर अशी माणसं घ्यायचे. म्हणजे ज्या खुर्चीसमोर उभं राहायला माणसं घाबरायची, तिची बैठक अनेकदा अशा माणसाने विणलेली, ज्याला इतर कुठलं काम द्यायला ऑफिस तयार नव्हतं.

काकांनी खुर्ची मांडीवर आडवी घेतली, प्लायवूड पक्कडीने उचकटलं आणि चौकटीच्या भोकांवरून अंगठा फिरवत गेले. एकशे बत्तीस भोकं. नंतर मी पण मोजली, बरोबर निघाली.

'चार-पाच हातांखालून गेलीय,' ते म्हणाले.

'कशावरून?'

'भोकं झिजलीत. दर वेळी जुना वेत ठोकून काढायचा, नवा ओढायचा. कडेला खाचा पडतात. इथे बघा, या कोपऱ्यात खुंटी लाकडाची आहे, बाकीकडे वेताची. हा माणूस वेगळा. आणि इथे कुणीतरी घाईत ओढलंय, लाकूड चिरलं.'

माझ्या डोक्यात तोवर 'ओरिजिनल' नावाचं खूळ होतं. जुनं फर्निचर गोळा करणाऱ्या आपल्या पिढीतल्या बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण वेताच्या खुर्चीत ओरिजिनल म्हणजे काय? सागवान शंभर वर्षं राहील, रोज वापरातली वीण पंधरा-वीस वर्षं. जी वेताची खुर्ची आज जुनी म्हणून आपल्यासमोर आहे, ती कुणीतरी पुन्हा पुन्हा विणली म्हणूनच आहे. खुर्चीखाली सरकारचं नाव आहे, साल आहे. विणणाऱ्यांची नोंद फक्त भोकांत, आणि ती वाचायला अंगठा लागतो.

'तुमच्या जागेवर आता कोण आहे?' मी विचारलं.

'कुणी नाही. खुर्च्याच गेल्या. फोमच्या आल्या, चाकांच्या.' थोडा वेळ थांबून म्हणाले, 'चांगल्या असतात त्या पण. मी बसलोय.'

१९९५ च्या कायद्याने अपंगांना सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा आल्या, २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के झाल्या. आज दृष्टिहीन मुलं स्क्रीन रीडरवर कोड लिहितात, बँकेत काम करतात. अंध म्हणजे खुर्च्या विणणारा हे समीकरण मोडलं ते उत्तमच झालं. काकांनाही त्याचं दुःख नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की काम चांगलं होतं, डोळस माणसांनीही शिकावं.

बैठक विणायला दोन दिवस लागले. आधी पुढून मागे ओळी, मग आडव्या, पुन्हा पुढून मागे, मग आडवी ओळ वर-खाली विणत. इथवर चौकोनी जाळी होते. मग दोन उलट दिशांनी तिरप्या ओळी, की चौकोनाचे अष्टकोन होतात. सगळ्यात शेवटी भोकं झाकणारी कडेची पट्टी. काका पट्टी पाण्यात भिजवून घेत होते आणि दर ओळीनंतर बोटं टेकवून ताण बघत होते.

आता तुमच्या घरी, आजोळी, कुठल्या माळ्यावर अशी खुर्ची असेलच. तर काकांकडून शिकलेलं थोडं सांगतो.

विकत घेताना बैठक बघू नका, चौकट बघा. कडेने भोकं असतील तर ती हाताने विणायची. भोकांऐवजी खोबण असेल तर तयार जाळी दाबून बसवायची, ते सोपं आणि स्वस्त पडतं. दोन भोकांमधलं लाकूड चिरलंय का ते नक्की बघा, कारण वीण बदलता येते, चिरलेली पट्टी बदलणं कठीण. खाली बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा पडत असेल तर घूण जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त करा.

आपल्या कोरड्या हवेत वेताचा शत्रू पाणी नाही, वाळणं. सुकला की तो ताठ होतो आणि मोडतो. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने बैठक खालच्या बाजूने पुसा. वरची बाजू गुळगुळीत साल असते, ती पाणी पीत नाही. खालची पिते. बैठक थोडी झोळली असेल तर खालून चांगली ओली करून रात्रभर सावलीत वाळू द्या, वेत आखडून ताठ होतो. उन्हात ठेवू नका. ऑइलपेंट लावू नका, वेत लवतो आणि पेंट तडकतो. लाकडाला जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे. धूळ जुन्या रंगाच्या ब्रशने झाडा. त्यावर उभं राहून बल्ब बदलू नका (आमच्या घरची बैठक अशीच गेली होती, कुणी ते सांगत नाही). आणि फाटली तर प्लायवूड ठोकू नका. खिळे नेमके भोकांच्या ओळीत जातात.

संक्रांतीला खुर्ची अंबाजोगाईला परत नेली. वट्ट्यावर ठेवली. काकूने लगेच वर उशी टाकली, ती मी काढली, यावर जरा वाद झाला.

'अण्णा, बसा.'

अण्णा काही वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वहाणा काढल्या, बाजूला नीट लावल्या आणि बसले. हात दोन्हीकडे टेकवले.

'वारं लागतंय खालून,' ते म्हणाले.

ही वीण २०४५ च्या आसपास जाईल. तेव्हा काका नसतील, अण्णा नसतील. म्हणून आता दर रविवारी काकांकडे जातो. बुधवारच्या बाजारातून एक मोडकं स्टूल आणलंय, त्याच्यावर हात बसवतोय. पहिल्या चार फेऱ्या जमतात. तिरपी ओळ काल तिसऱ्यांदा चुकली. काकांनी बोट टेकवलं आणि सातव्या भोकापासून सगळी उसवायला लावली.